पितळी पंडित आणि म्हातारीची गाय

फार जुनी गोष्ट. एका नगरात न्यायशास्त्राचं मोठं विद्यापीठ होतं. तिथली रीत जरा वेगळी. शेवटच्या परीक्षेत शिष्याने खऱ्या तंट्याचा निकाल लिहायचा आणि जो हरला, त्याच्यासमोर उभं राहून त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. ते जमलं तरच पदवी.

त्याच सुमारास एका कारागिराने पितळेचा बोलका पंडित घडवला. जगातले सगळे ग्रंथ त्याला पाठ. काहीही विचारा, गोड भाषेत उत्तर हजर! मग काय, शिष्यांची आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सोय झाली.

त्यांतला एक शिष्य तसा हुशार, पण महाआळशी. त्याच्या वाट्याला गाईचा तंटा आला. एका म्हातारीला रानात मरायला टेकलेली कालवड सापडली होती. तिने ती वाढवली. आता ती दुभती झाल्यावर मूळ मालक, एक गवळी, हक्क सांगत आला होता. शिष्याने दोघांना भेटायचेही कष्ट घेतले नाहीत. पंडिताला विचारलं आणि मिळालं ते वळणदार अक्षरात उतरवून काढलं. गाय मूळ मालकाची!

भरसभेत त्याने निकाल वाचला. भाषा अशी की सगळे माना डोलवू लागले. म्हातारी तेवढी उठून उभी राहिली.

"लेकरा, मरतीया म्हणून त्यानंच तिला रानात टाकली. म्या बोळ्यानं दूध पाजून जगवली. ह्याचा इचार केलास का रं?"

शिष्याला पळवाट दिसत होती. दोन श्लोक फेकले असते तर वेळ निभावली असती. म्हातारीला कुठे शास्त्र कळत होतं? पण तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नाही, आजी," तो म्हणाला. "मी विचारच केला नाही. हा निकाल पितळी पंडिताचा. मी नुसती नक्कल केली."

सभेत कुजबुज सुरू झाली. आचार्य म्हणाले, "यंदा तुला पदवी नाही. पण तंटा अजून तुझ्याकडेच आहे."

मग तो गवळ्याच्या गोठ्यात जाऊन बसला, म्हातारीच्या अंगणात बसला. ग्रंथ चाळले, लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी निकाल दिला, गाय म्हातारीची. आता गवळी खवळला.

"का म्हणून?"

"दादा, आता ही जगत नाही, असं म्हणून तुम्ही तिच्यावर पाणी सोडलंत. हे तुम्हीच मला गोठ्यात सांगितलंत. सोडलेला हक्क दूध दिसल्यावर परत कसा मागता येईल?"

गवळी थोडा वेळ धुसफुसला आणि मान खाली घालून निघून गेला.

शिष्याने भीत भीत विचारलं, "आचार्य, ही हकीकत सांगितली असती, तर पंडितानेही हेच लिहिलं असतं ना?"

"लिहिलं असतं कदाचित," आचार्य म्हणाले. "पण ती हकीकत विचारायला गवळ्याच्या गोठ्यात नि म्हातारीच्या दारात कोण जाणार होतं?"

तात्पर्य: उत्तर मागून मिळतं, ते निभावण्याची ताकद मात्र स्वतः खपूनच कमवावी लागते.