गाठोड्यांचं घर

पायताणं काढू नका. हे देऊळ नव्हे. खाडीच्या तोंडाशी या चार जांभ्याच्या भिंती उभ्या आहेत ना, त्यांना आमच्या वाडीत 'पाखूस' म्हणतात. पाहुणे कौतुकाने फोटो काढतात. आमचं मात्र इथे आलं की अजून डोकं तापतं.

ही वलंदेजांची, म्हणजे डच लोकांची वखार. त्यांच्या भाषेत 'पाकहौस'. वाडीतल्या बायका मिरीची पोती, कापडाची गाठोडी डोक्यावरून इथे आणत आणि गलबत लागलं की बाहेर काढत. त्यांत आवडू नावाची एक होती. या भिंतींचे निम्मे चिरे तिच्या सासऱ्याने, सोमाने वाहिले होते, असं सांगतात.

एका कार्तिकात तुफान आलं. भरदुपारी अंधारलं. झावळ्यांची घरं उडून गेली. माणसं पोराबाळांना घेऊन वखारीकडे धावली, तर दार आतून बंद. वलंदेज कारभारी खिडकीतून काहीतरी खेकसला. त्याच्याजवळ आमच्याच वाडीतला नरसू दुभाषी होता. तो खाली बघत म्हणाला, "पाक म्हणजे गाठोडां, हौस म्हणजे घर. ह्यां गाठोड्यांचां घर. हय माणसांक जागा नाय."

आवडूने दाराशी पडलेलं रिकामं पोतं ओढलं. थंडीने काकडणाऱ्या सोमाला त्यात बसवलं, तोंड उघडं ठेवून सुंभाने बांधलं आणि डोक्यावर घेऊन दारावर लाथ मारली.

"ह्यां गाठोडां आसा! आता उघड!"

दार उघडलं नाही. दिवस मावळेपर्यंत ती तशीच उभी होती, म्हणे. उतरवलं तेव्हा सोमा गेला होता.

चौथ्या दिवशी गलबत लागलं. नरसू बायकांना बोलवायला आला. आवडू म्हणाली, "माझ्या डोक्यार शेवटचां गाठोडां चढलां, तां उतरलां. आता दुसरां चढाचां नाय." एकही बाई उठली नाही. गलबत आठ दिवस ताटकळून रिकामं गेलं. तुफानात छप्पर गळून भिजलेला माल आतच सडला आणि त्या घाणीने वलंदेजांनी वखार सोडली. पुढे लोकांनी कितीदा नवं छप्पर घातलं, पण एकही टिकलं नाही, असं जुनी माणसं सांगत.

आजही आमच्याकडे दारात आलेल्याला कुणी आत घेतलं नाही, तर त्या घरवाल्याला शिव्या देत नाहीत. त्याच्या अंगणात उभं राहून एवढंच म्हणतात, "तुझां घर न्हय, पाखूस!" माझ्या आजोबांना एकदा कुणीतरी असं म्हणालं होतं. मरेपर्यंत त्यांनी दाराला कडी लावली नाही.