ओंजळीचा धोंडा

अहो पाहुणे, त्या धोंड्यावर बसू नका, उठा बघू! बसायला झाडाची सावली आहे की. केनियाच्या ह्या कोरड्या मुलखात आमचं गाव ते केवढं, पण ह्या धोंड्याला आम्ही फार मानतो. पेरणीआधी गावातला प्रत्येक पुरुष इथे ओंजळ पसरून उभा राहतो. का, ते मी स्योंबुआ सांगते. माझ्या आजीनं मला सांगितलेलं आहे.

फार पूर्वी हे शेत कलोंडू नावाची बाई कसायची. तिचा नवरा गेला, तसा दीर मुटुआ दारात उभा. म्हणाला, "बाईमाणसाला कसलं आलंय शेत? चल, नीघ." मेल्यानं शेत घेतलं, शेळ्या घेतल्या, चुलीवर टांगलेला, बियाणं भरून ठेवलेला पोकळ भोपळा तेवढा सोडला. पुरुषाचा हात लागला की बी उगवत नाही, असं तेव्हा मानायचे म्हणे. लेक म्वेंडे कडेवर, भोपळा डोक्यावर, अशी कलोंडू त्या समोरच्या डोंगराच्या कपारीत राहायला गेली.

पुढं तीन वर्षं पाऊस नाही. मुटुआनं बायकोला घरचं बियाणं शिजवायला लावलं. घरोघरी तेच झालं. वर कपारीत मायलेकी कंदमुळं उकडून दिवस काढत होत्या. म्वेंडे रडायची, "आई, मूठभरच दे ना गं." पोटची पोर ती! कलोंडूचं काळीज तुटायचं. पण ती म्हणायची, "पेरायचं खाल्लं, तर खायचं कुठून येईल, बाळा?"

चौथ्या वर्षी आभाळ भरून आलं आणि गावात पेरायला दाणा नाही. तेव्हा मुटुआ डोंगर चढून गेला. "वहिनी, बी द्या."

"देते. पण शेत माझं, माझ्यामागं म्वेंडेचं. गावातही जी पेरेल, तिचं शेत. कबूल असेल तर बांधावर ये आणि चारचौघांत माग."

ह्याच धोंड्यापाशी त्यानं ओंजळ पसरली. असं सांगतात, की अख्खं गाव पेरून झालं तरी भोपळ्याचा तळ दिसला नाही. आणि पुरुषाच्या ओंजळीतलं बीही तरारून उगवलं. बाईनं आपल्या हातानं दिलेलं होतं ना!

आजही इथलं प्रत्येक शेत बाईच्याच नावानं ओळखतात. हे माझं. गेल्या पेरणीला मुलगा शहरातून ट्रॅक्टर घेऊन आला आणि म्हणतो, "आई, आटप लवकर." म्हटलं, आधी ओंजळ. इथंच उभा केला आणि मूठ सोडायच्या आधी चांगला ताटकळत ठेवला. कलोंडूच्या तीन वर्षांपुढं त्याची घटकाभर ती काय!