झावळ्यांच्या रविवारचं गाढव

डोंगराच्या कुशीतल्या चिंचखडी गावात तेव्हा योनाबाबा या ख्रिस्ती साधूंचा मुक्काम होता. ख्रिस्ती वस्तीतलं देऊळ म्हणजे चार भिंती आणि गवताचं छप्पर. बाबा तिथेच राहत आणि कुणी देईल ती भाकरी गोड मानून खात.

त्या वस्तीत तबिताबाई नावाची विधवा होती. खिंडीखालच्या नदीवरून गाढवावर माती लादून आणायची आणि कुंभारांना पोचवायची, यावर तिचं पोट. गाढव दिसलं की गाव हसायचं. तबिताबाईला ते हसणं जरा जास्तच लागायचं, त्याला कारण होतं. तिच्या नवऱ्यावर, यहोशवावर, देवळाची घंटा चोरल्याचा आळ आला होता आणि देवळाचे पंच शमुवेलराव यांनी त्याची गाढवावरून धिंड काढवली होती. घंटा पुढे विहिरीत सापडली, पण तोवर यहोशवा लाजेनं खंगून गेला होता. चूक कबूल करायला मात्र कुणाचं तोंड उघडलं नाही.

झावळ्यांचा रविवार जवळ आला. प्रभू येशू यरुशलेमेत शिरले ते गाढवावर बसून, आणि लोकांनी झावळ्या धरून, वाटेवर वस्त्रं पसरून त्यांचा जयजयकार केला, असं बाबांनी सांगितलं. ही गोष्ट तबिताबाईनं दरवर्षी ऐकली होती, झावळी धरून मिरवणुकीतही चालली होती. त्या दिवशी मात्र ती गोष्ट तिच्या स्वतःच्या घरातली होऊन गेली. सगळे पांगल्यावर तिनं हळूच विचारलं, “बाबा, मंग देवाची बी धिंडच निघाली म्हणायची?”

“होय माये,” बाबा म्हणाले. “जयजयकार करणारे पाच दिवसांत उलटले, त्यांना क्रुसावर द्या म्हणाले. प्रभूंना ते ठाऊक होतं, तरी ते बसले. तुझा यहोशवा त्या वाटेवर एकटा नव्हता.”

तबिताबाई पदरात तोंड घालून पोटभर रडली. मग म्हणाली, “मंग औंदा माजं गाढव मिरवणुकीत फुडं चालू द्या.”

शमुवेलरावांच्या कानावर हे गेलं. “देवळाची अब्रू घालवता का?” ते हसून म्हणाले. “बाबांसाठी माझी घोडी सजवलीय. मातीचं गाढव उकिरड्यावर शोभतं.”

बाबा एवढंच म्हणाले, “ज्याला बोलवायचं, त्याला प्रभू बोलावून घेतील.”

रविवारी सकाळी लोक झावळ्या घेऊन जमले, तोच शमुवेलरावांच्या घरून सुईण धावत आली. त्यांची लेक सुवार्ता बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटेपासून कळा चालू होत्या आणि मूल आडवं होतं. मिशनचा दवाखाना खिंडीखाली. तिथे गाडी उतरत नाही, डोलीचा बांबू कपारीच्या वळणावर वळत नाही आणि घोडी त्या घसरणीला पाय लावत नाही.

“माजं गाढव रोज त्याच वाटेनं जातंया,” तबिताबाई म्हणाली. “पर माणूस त्यानं कंदी पाठीवर घेतलं न्हाई. फेकून देतं.”

शमुवेलराव घुटमळले. आपली लेक, भर गावातून, गाढवावर! आतून सुवार्ताच कण्हत वडिलांना म्हणाली, “दादा, बसवा मला.”

योनाबाबांनी गाढवाच्या कपाळावर हात ठेवला. काय नवल! त्यानं कानसुद्धा हलवला नाही. सुवार्ता बसली, तबिताबाईनं दोर धरला. चावडीपुढच्या उतारावर खडी घसरू लागली, तेव्हा लोकांनी खांद्यावरची उपरणी काढून वाटेवर पसरली. इथेच यहोशवावर शेण पडलं होतं. फेकणारे हात हेच होते, हे तबिताबाईला चांगलं आठवत होतं. ती खाली मान घालून चालत राहिली.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पोटावर हात ठेवला. “आडवं कोण म्हणालं? मूल तर सरळ आहे.” सोबत आलेल्या सुईणीनं स्वतः चाचपून पाहिलं आणि तिथेच हात जोडले. थोड्याच वेळात मुलगी झाली, आई-लेक दोघी सुखरूप.

बाळंतीण घरी निघाली, तेव्हा गाढवाचा दोर शमुवेलरावांनी मागून घेतला. चावडीपाशी ते थांबले. डोक्यावरचं पागोटं काढून सगळ्यांदेखत म्हणाले, “यहोशवानं घंटा चोरली नव्हती. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो.” मग ते बाबांच्या पायांशी वाकायला गेले. बाबा बाजूला सरले. मागे तबिताबाई उभी होती.

शमुवेलरावांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांना सुनावायचं म्हणून इतकी वर्षं तिनं कितीतरी मनात साठवलं होतं. त्यातलं काहीच तिच्या तोंडी आलं नाही.

“उठा पंच,” ती म्हणाली. “दोर ढिला धरा. वढला की ते अडतंय.”