सुभानाला आडवं काय गेलं

"आणि आज काय आडवं गेलं?" चांदशानं विचारलं. डोळे उघडायचे कष्टसुद्धा त्यानं घेतले नाहीत.

"धामण," सुभाना म्हणाला. "ओढ्याच्या अलीकडं. उजवीकडून डावीकडं गेली."

"मोठी होती?"

"बैलांच्या जुवाएवढी."

"यंदा उंदीर फार झालेत," चांदशा म्हणाला. "बरं पोट भरतंय तिचं."

सुभानाला हे बोलणं रुचलं नाही.

चांदशा म्हणजे गावाच्या शिवेवर, कडुनिंबाखालच्या तक्यात राहणारा म्हातारा फकीर. आणि सुभाना म्हणजे गावाला शकुन सांगणारा. कुणी सोयरीक बघायला निघो, कुणी बियाणं घेऊन रानात निघो, आधी सुभानाच्या ओट्याशी थांबायचं. पाल कुठल्या कोपऱ्यात चुकचुकली, होला कुठल्या फांदीवर घुमला, सगळ्याचा अर्थ त्याच्या जिभेवर. बापाकडून आलेली विद्या. ताठा असा, की पाटलालाही उभ्यानं उत्तर द्यायचा. वाकायचा तो एका चांदशापुढं, आणि तेही पाय अडकला म्हणजे.

आज अडकला होता. रस्त्यात त्याची बैलगाडी उभी होती. गाडीत गवत अंथरलेलं, गवतावर दोन गोधड्या. धाकट्या लेकीला, हौसाला, पहिल्या बाळंतपणाला आणायला तो मुराळी म्हणून निघाला होता. निघाला, आणि माघारी फिरला.

"कितवी खेप?"

"चौथी."

"पहिल्यांदा काय होतं?"

"रानमांजर."

"दुसऱ्यांदा?"

"टिटवी. डोक्यावरून ओरडत गेली. मी थांबलो तरी ओरडतच होती."

"अंडी असतील तिची तिथं खड्यांत. ओरडू नये तर काय करावं तिनं?"

"बाबा, त्याला शास्त्र आहे."

"असेल. तिसऱ्यांदा?"

"ससा."

चांदशाला हसू आलं. हसू खोकल्यात गेलं, आणि खोकला लवकर थांबेना. सुभानानं मडक्यातलं पाणी ओतून दिलं.

"सशाला घाबरून घरी आलास," पाणी पिऊन म्हातारा म्हणाला. "ससाही तुला घाबरून घरीच गेला असेल."

"थट्टा नको, बाबा. परवा अमावस्या. हौसाला आठवा लागेल. आठव्यात पोर हलवत नाहीत, आणि नवव्यात मधल्या नदीला पाणी येतं. तिकडं सासू आंधळी. घरात दुसरं बाईमाणूस नाही. गावात सुईण नाही. आज नाही आणली तर..."

"तर जा की."

"कसा जाऊ? चार वेळा वाट कापली गेली! तुम्ही उतारा द्या. ताईत द्या, चिमूटभर राख द्या, काहीही द्या."

समोरच्या भिंतीवर एक सरडा ऊन खात बसला होता. चांदशानं त्याच्याकडं बोट केलं.

"हा बघ. सकाळपासून माझ्याकडं बघून मान हलवतोय. हो म्हणतोय, का नाही म्हणतोय?"

सुभानानं नीट निरखून पाहिलं.

"सकाळी तोंड कुठल्या दिशेला होतं?" त्यानं विचारलं.

चांदशानं लांब श्वास सोडला. दिवसभर माणसं यायची आणि असलंच काहीतरी विचारायची. बाबा, पाल अंगावर पडली. बाबा, घुबड धाब्यावर बसलं. बाबा, मुंग्यांनी अंडी उचलली. ज्याला त्याला वाटायचं, रानातलं सगळं आपल्यासाठीच घराबाहेर पडलंय.

"सुभाना, एक सांग. धामण आडवी गेली तेव्हा बैल थांबले?"

"बैल?"

"ते पुढं होते. त्यांना आधी दिसली असेल."

सुभानानं वळून बैलांकडं पाहिलं.

"नाही थांबले. कासरा मीच ओढला."

"हं."

कडुनिंबावरनं एक खार उतरली. चांदशाच्या पायाशी भाकरीचा तुकडा होता, तो घेऊन परत वर गेली. दोघांपैकी कुणी तिच्याकडं पाहिलं नाही.

"काल कासार आला होता," चांदशा म्हणाला. "पाण्यासाठी थांबला. तुझ्या हौसाच्या गावाहून येत होता."

सुभानाची मान वर झाली. "भेटली त्याला? काय म्हणाली?"

"तुझ्याविषयी काहीच नाही म्हणाली. गाठोडं बांधून उंबऱ्यात बसली होती. हा म्हणाला, ये पोरी, बांगड्या भर. तर म्हणाली, आता माहेरी गेल्यावरच भरीन. गाठोडं म्हणे तिनं तीनदा सोडलं, आणि परत बांधलं."

सुभानानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. त्याचं डोकं पार पांढरं झालं होतं. गावात कुणी ते असं उघडं पाहिलं नव्हतं.

"थोरलीला आणायला तूच गेला होतास ना?" चांदशानं हळूच विचारलं. "तानूला?"

"मीच."

"तेव्हा काय दिसलं होतं?"

सुभाना जमिनीकडं बघत राहिला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. चांदशानं परत विचारलं नाही. त्याला घाई नव्हती.

"मुंगूस," सुभाना म्हणाला.

"चांगलं असतं ते."

"फार चांगलं. आणि वेशीबाहेर भारद्वाज... बाभळीवर, माझ्याकडं तोंड करून. आणि नदी उतरलो तर पलीकडं कोल्हा उभा. तिन्ही एका वाटेत, बाबा! माझ्या बापालासुद्धा कधी मिळाले नव्हते. मी बैलांना गाणं म्हणत नेलं त्या दिवशी."

त्यानंतर दीड महिन्यानं, सुभानाच्याच घरात, आईच्या मांडीवर डोकं ठेवून तानू गेली. बाळंतपणात गेली. पोरही राहिलं नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मुंगूस, भारद्वाज आणि कोल्ह्याचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कुणाला सांगितलं होतंस?"

"नाही. बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर पुन्हा माझ्या ओट्याशी कोण थांबलं असतं?"

"आणि नंतरही शकुन सांगत राहिलास."

"विचारायला येत होते..." सुभाना म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम चढला. "काय करू मग? चांगलं दिसलं तेव्हा पोर गेली. आता वाईट दिसतंय. मी कशाच्या भरवशावर हिला गाडीत घालू? तुम्हीच सांगा!"

चांदशानं पाण्याचं मडकं त्याच्याकडं सरकवलं.

"दमलो मी, बाबा."

"मीही," चांदशा म्हणाला.

भिंतीवरचा सरडा सावलीला निघून गेला. दोन साळुंक्या गाडीखाली उतरल्या, बैलांच्या पायांमधनं किडे टिपत फिरल्या. ऊन माथ्यावर यायला लागलं होतं.

सुभाना उठला. मुंडासं बांधलं. गाडीत चढून बसला, कासरा हातात घेतला, आणि तसाच बसून राहिला. येतानाच त्यानं गाडी वळवून लावली होती; बैलांची तोंडं नदीकडं होती. घर पाठीमागं होतं.

चांदशानं काठी शोधली. एक हात जमिनीला टेकला, दुसरा काठीला, आणि मोठ्या कष्टानं उभा राहिला. गुडघे कडाकडा वाजले. तो बैलांच्या पुढ्यात आला. एकेक पाऊल टाकत, मध्येच थांबून दम खात, त्यानं गाडीसमोरनं सगळा रस्ता ओलांडला. पलीकडं जाऊन दगडावर बसला. बैलांनी त्याच्याकडं पाहिलं. एकानं नाक फुरफुरलं.

"बाबा... हे काय केलंत?"

"आडवा गेलो तुला."

सुभानाच्या हातातला कासरा घट्ट झाला. त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं, धुळीतल्या पावलांकडं पाहिलं.

"हा शकुन कसला धरायचा, बाबा? चांगला, का वाईट?"

चांदशा धापा टाकत होता. दम परत यायला वेळ लागला.

"मला कुठं ठाऊक?" तो म्हणाला. "हौसाला विचारून ये."