हाशाचा दम

खाडीकाठी सोनखारी नावाचं गाव आहे. फार वर्षांपूर्वी, आपल्या आज्यांच्या आज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, तिथे हाशा नावाचा निरोप्या राहायचा. गावोगावचे निरोप तो पळत पोचवायचा. त्याला चालणं ठाऊकच नव्हतं. जेवतानाही त्याचा गुडघा हलत असायचा. झोपेत तो इतके पाय झाडायचा, की सकाळी त्याची घोंगडी अंगणात सापडायची, असं म्हणतात.

एका पावसाळ्यात बांधावर त्याचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. गावात बामाय म्हणून हाडं बसवणारी म्हातारी होती. तिने हाड जुळवलं, बांबूच्या कांबी बांधल्या आणि बजावलं, "दोन महिने खाट सोडायची नाही."

चार दिवसांत हाशा वेडापिसा झाला. कांबी ओढू लागला, आल्यागेल्यावर ओरडू लागला. निदान माणसं दिसतील म्हणून बामायने त्याची खाट बांधावरच्या राखणीच्या खोपीत हलवली. पण चालती माणसं बघून तो आणखीच तळमळला.

"मी असा पडून मरेन गं, बामाय."

"तुला जोर लावायचाय ना? मग लाव. तळव्याला तळवा भिडव. उजव्याने डाव्याला रेट, आणि डाव्याला हटू देऊ नकोस."

हाशाने रेटलं. दंड थरथरले, कपाळावर घाम आला.

"हात तर हलतच नाहीत!"

"हलू नयेतच. आणि श्वास कोंडू नकोस, मेल्या."

मग हाशाला तोच नाद लागला. बोटांत बोटं अडकवून तो हात उलट्या दिशांना ओढायचा. कपाळाला तळवे लावून डोकं पुढे रेटायचा. खोपीच्या कुडाला पाठ लावायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, माणूस गप्प बसलाय. आत मात्र त्याची स्वतःशीच झुंज चाललेली असे. त्याच्या नुसत्या बसण्याने कूड कडकडायचा, असं म्हणतात.

भादव्याच्या अवसेला भर दुपारी मोठं उधाण आलं. माणसं दूर शेतांत होती. खोपीखालीच बांधाचं लाकडी दार होतं, खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बसवलेलं. हाशाच्या डोळ्यांदेखत त्या दाराचा अडसर मोडला. खारं पाणी एकदा भातात शिरलं की तीन वर्षं जमीन काही देत नाही. हाशा जीव खाऊन ओरडला. मग खाटेवरून खाली पडला आणि मोडका पाय फरफटत दारापाशी गेला. दाराला पाठ दिली, धडका पाय समोरच्या दगडाला लावला आणि रेटलं.

गाव धावत आलं. "हाशा, ऊठ! वाहून जाशील!" लोक ओरडले.

"माती आणा!" तो म्हणाला. "मला हलवू नका!"

लोकांनी माती आणली, दगड आणले, माडाचे सोट आणले. पाणी फटीतून त्याच्या छातीपर्यंत चढलं. खेकडे खांद्यावर येऊन बसले. पायाखालचा दगड वीतभर खचला, पण पाठ तसूभरही सरकली नाही, असं म्हणतात. सूर्य कलला, ओहोटी लागून खाडी फिरली आणि भात वाचलं.

तरी हाशा उठेना. त्याचं अंग तसंच आवळून राहिलं होतं. लोकांनी त्याला बसल्या आकारातच उचलून नेलं. तीन दिवस सगळ्या गावाने आळीपाळीने त्याला खोबरेल चोळलं, तेव्हा कुठे एकेक बोट उघडलं. त्या पायाने तो पुन्हा कधी पळाला नाही. पहिल्यांदा लंगडत बांधावर आला, तेव्हा दुसऱ्या निरोप्याला पळताना बघून तो हुंदके देऊन रडला, हेही सांगतात. मग डोळे पुसून त्याने तळव्याला तळवा लावला.

आजही भादव्याच्या अवसेला सोनखारीचं गाव बांधाच्या दाराशी जमतं. भरती पुरी होत आली की सगळे तळवे भिडवून रेटत उभे राहतात. त्याला हाशाचा दम म्हणतात. कुणी बोलत नाही, नुसते श्वास ऐकू येतात. पाणी फिरलं की प्रत्येकजण आधी शेजारच्याचे खांदे चोळतो. शेजारचा वैरी असला तरी चोळतो.