मेढीवरची वेणी

आमच्या हेदोळी गावच्या देवीसमोर एक वाळकं लाकूड उभं आहे. गोठ्याची मेढ, म्हणजे साधा खांब. ना मुळं, ना पानं. पण जेठात त्याच्यावर गुलाबी-पांढऱ्या फुलांच्या हातभर वेण्या लोंबतात. आम्ही त्या रोपालाच सीतेची वेणी म्हणतो, शिकलेले आमरी, म्हणजे ऑर्किड म्हणतात. पाहुणे विचारतात, मेलेल्या लाकडावर ही जगते कशी? तर ऐका.

फार मागे गावात आनशी नावाची बाई होती. नवरा गेला, सासरच्यांनी हाकलली, म्हणून भिकूच्या, सख्ख्या भावाच्या दारात आली. घरातलं सगळं काम तिच्या अंगावर, तरी भावजय सुंद्री ताट वाढताना तिला बांडगूळच म्हणायची. बांडगूळ झाडावर उगवून झाडाचाच रस पितं, तशी ही.

त्या साली देवळाजवळच्या आंब्याला मोहर आला नाही. गावचे प्रमुख आबा गावकर, त्यांनी ठरवलं, फांद्यांवरच्या वेण्याच रस पितात, तीही बांडगुळंच. गडी चढवून कोयत्यानं खरवडल्या. खाली पडलेल्या वेण्या आनशीनं ओच्यात भरल्या.

"बघा, बांडगुळानं बांडगूळ उचललं," सुंद्री म्हणाली. सगळे हसले. भाऊही हसला.

"ही कुणाचं खात नाही," आनशी म्हणाली.

"मग झाडाशिवाय जगवून दाखव," आबा म्हणाले. "फुलली तर गावात मानानं राहा. नाही तर सासरची वाट धर."

आनशीनं देवीपुढे शब्द टाकला, ही फुलेपर्यंत भावाच्या घरचा घास घेणार नाही. गावाच्या कडेच्या पडक्या गोठ्यात राहिली आणि लोकांच्या शेतात राबून पोट भरू लागली.

पण शेतकऱ्याची लेक ती. भात लावावा तशा वेण्या मातीत लावल्या, शेणखत घातलं, दोन्ही वेळा पाणी दिलं. मुळं काळी पडून कुजली. एकच रोप उरलं. तेव्हा ती आंब्याखाली जाऊन वर बघत बसली. गड्यांच्या कोयत्यातून एक वेणी वर वाचली होती. तिची मुळं सालीत घुसलीच नव्हती, नुसती धरून होती. निम्मी तर वाऱ्यावर लोंबत होती.

"अगं भवाने, तुला जेवण नको, टेकायला जागा हवी," असं ती म्हणाली म्हणे.

तिनं पदर फाडला, नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, घेतलं आणि रोप गोठ्याच्या मेढीला बांधलं. उन्हाळ्यात सकाळी तोंडात पाणी घेऊन मुळांवर फुंकायची, पावसात हातही लावायची नाही. लोक म्हणत, आनशी खांबाला पाणी घालते, उद्या उंबऱ्याला घालेल.

कितीक पावसाळे गेले. मग एका जेठात मेढीवरून भली लांब वेणी सुटली. सगळं गाव लोटलं. आबा खांब ठोकून बघू लागले, आत कुठे ओल आहे का.

"आबा, मेलेली गाय दूध देते का?" आनशीनं विचारलं. "मग वाळल्या लाकडातून ही काय पिते ते सांगा."

आबांनी पागोटं उतरवलं, असं सांगतात. मेढ उपटून ढोल वाजवत देवळापुढे आणली. आनशी सगळ्यांच्या पुढे चालली, आणि देवीला पहिली वेणी तिच्याच हातून चढली.

आजही खांब कुजला की गाव नवं वाळकं लाकूड रोवतं, पण वेणी तीच. आजही पहिल्या वेणीचा मान माहेरी परतलेल्या लेकीचा. ती वर चढते, भाऊ खाली शिडी धरतो. शिडी हलली तर अख्खं गाव त्याला बोलतं.