जंबेरीचा फुटवा

झाडं एकमेकांशी बोलत होती, त्या काळातली ही गोष्ट. एका मळ्यात आंबट जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधलं होतं. मुळं जंबेरीची, फळं संत्र्याची. आपलं स्वतःचं एक तरी फळ पाहावं, एवढीच जंबेरीची आस होती. पण कलमाच्या जोडाखाली फुटवा आला की माळीण सरूबाई तो लगेच छाटायची.

एका वर्षी गवताआड एक फुटवा वाचला. त्याला फूल आलं, मग मण्याएवढं फळ धरलं.

वर संत्र्याची फांदी पिवळी पडली. "जंबेरीताई, पाणी पोचत नाही गं."

"दर वर्षी तूच पितेस ना? यंदा थोडं माझ्या लेकराला!"

"पाज की. मलाही बघायचंय, तुझं फळ कसं दिसतं ते. पण तोवर मी टिकेन असं वाटत नाही."

जंबेरी दिवसभर त्या मण्याएवढ्या फळाकडे पाहत राहिली. संध्याकाळी सरूबाई जवळून जाऊ लागली, तेव्हा जंबेरीनं फुटव्याचा काटा तिच्या पदरात अडकवला.

"अगं बया, इथं लपलास होय!" म्हणत सरूबाईनं विळा चालवला.

तुटलेल्या पानांचा वास वर गेला. "ताई, हा तुझा वास?" फांदीनं विचारलं.

"हो," जंबेरी म्हणाली. "आता पी."